कोंबडीच्या पायाची खरूज



आज आपण कोंबडीच्या पायांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कोणी हसेल. कोणी म्हणेल, "गुरुजींना दुसरं काही सुचलं नाही का?" पण जरा थांबा. ज्या घरी चार कोंबड्या आहेत, त्या घरच्या बाईला विचारा. मीठ-मिरची, मुलाची वही, आजाऱ्याची गोळी, एस.टी.चे भाडे, हा पैसा कुठून येतो? पुष्कळ घरी तो अंड्यांतून येतो. बैलाचा पैसा घरधन्याच्या हातात जातो. कोंबडीचा पैसा मात्र बाईच्या कनवटीला राहतो. म्हणून कोंबडी लंगडली की त्या बाईचा संसार थोडा लंगडतो.

२०१९ साली सरकारने देशभर पशुगणना केली, म्हणजे गुराढोरांची आणि कोंबड्यांची मोजदाद केली. तेव्हा देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसात पाळलेले होते. मोठ्या शेडमधले नव्हेत, तर तुमच्या-आमच्या दारातले. म्हणजे हा विषय लहान नाही. तो लहान घरांचा आहे, इतकेच.

चांगला पाय कसा दिसतो?

रोगी पाय ओळखायचा, तर आधी चांगला पाय नीट पाहिला पाहिजे. कौलारू घर आपण सर्वांनी पाहिले आहे. एका कौलाच्या कडेवर दुसरे कौल बसलेले असते. कौले नीट बसलेली असली की पाऊस आत येत नाही. कोंबडीच्या पायावरही अशीच कौले असतात. त्यांना खवले म्हणतात. निरोगी कोंबडीचे खवले चपटे आणि गुळगुळीत असतात. वरून खाली बोट फिरवा. बोट कुठे अडत नाही. पायाचा रंग पिवळा असेल, राखी असेल, कडकनाथाचा तर काळा असतो. रंगाचे काही नाही. खवला अंगाला चिकटून बसला आहे ना, एवढे पाहावे.

आता रोगी पाय पाहू. सुरुवातीला एक-दोन खवल्यांची कड वर उचलते. तिच्याखाली पांढरट पूड दिसते. पुढे शेजारचे खवले उचलतात. मग राखी रंगाची जाड खपली धरते. पायाला चुना आणि माती थापून वाळवावी, तसा पाय दिसतो. पाय जाड होतो. बोटे वाकडी होतात. कोंबडी लंगडते. ती दांडीवर चढत नाही. दाणे टाकले तर धावत येत नाही, आणि आली तरी दुसऱ्या कोंबड्या तिला टोचून मागे सारतात. ती वाळते. अंडी कमी करते. फारच हयगय झाली तर नख गळते आणि बोटही झडते. झडलेले बोट पुन्हा येत नाही.

हे सारे एका दिवसात होत नाही. महिनोन् महिने चालते. मानमोडी आली तर खुराडे चार दिवसांत रिकामे होते, म्हणून आपण घाबरतो. हा रोग मुंगीच्या पावलाने येतो, म्हणून आपण त्याच्याकडे पाहत नाही. त्याचे खरे बळ आपल्या हयगयीत आहे.

म्हातारपण नव्हे, नजर नव्हे

आमच्या आळीत एक मावशी आहेत. घरात त्या आणि त्यांची नात. सात कोंबड्या होत्या. त्यांतली एक लंगडायला लागली. आम्ही विचारले, "मावशी, हिच्या पायाला काय झालं?"

मावशी म्हणाल्या, "काय न्हाई गुरुजी, म्हातारी झाली ती. आता व्हायचंच असं."

"आणि ती तांबडी? ती तर गेल्या वर्षीची तलंग. तिच्या पायाला का खपली?"

मावशी थोड्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाची तरी नजर लागली असंल."

आठवडी बाजारात त्यांनी ती लंगडी कोंबडी नेली. व्यापाऱ्याने पाय पाहिला आणि निम्मा भाव सांगितला. मावशी कोंबडी घेऊन परत आल्या. त्या आठवड्यात नातीच्या वह्या राहिल्या.

मंडळी, म्हाताऱ्या कोंबडीचे खवले थोडे खडबडीत होतात, हे खरे. पण त्यांच्याखाली पूड नसते, आणि खपलीचा थर नसतो. तलंगीच्या पायाला खपली दिसली तर ते म्हातारपण नव्हे. आणि नजर तर नव्हेच. तो एका किडीचा उद्योग आहे.

आणखी एक गोष्ट. फक्त तळव्याला गोळा येऊन मध्ये काळी खपली दिसत असेल, तर तो रोग निराळा. तिथे जखमेतून आत पू झालेला असतो. अशी कोंबडी गुरांच्या डॉक्टरांना दाखवावी.

ही कीड कोण?

पिकावरचा लाल कोळी शेतकऱ्याला ठाऊक आहे. गाईच्या अंगावरची गोचीडही ठाऊक आहे. ही कीड त्यांच्याच भावकीतली. हिलाही आठ पाय असतात, पण अगदी आखूड. ही इतकी बारीक असते की तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. मोहरीचा दाणासुद्धा हिच्यापुढे मोठा. नुसत्या डोळ्याने ती ओळखू येत नाही.

ती खवल्याच्या कडेखाली शिरते. कौलाखाली उंदराने बीळ करावे, तशी ती कातडीत बीळ करते. तिथेच राहते, तिथेच खाते, तिथेच तिला पोरे होतात. कातडी आपल्या बचावासाठी जाड होत जाते. तीच ती खपली. खालून थर वाढतो आणि वरचे कौल उचलले जाते.

माणसाच्या खरजेची कीड ही हिची दूरची बहीण. पूर्वी लोक समजत, रक्त बिघडले की खरूज होते. १६८७ साली इटली देशातल्या बोनोमो नावाच्या डॉक्टरांनी भिंगाखाली ती कीड पाहिली आणि लोकांना सांगितले की, खरूज हिच्यामुळे होते. पण मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. पुढे १८३४ साली फ्रान्समधील पॅरिस शहरात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने सर्वांसमोर सुईच्या टोकाने ती कीड कातडीतून काढून दाखवली. तेव्हा कुठे वाद मिटला. ही युक्ती तो कुठे शिकला होता? कॉर्सिका नावाच्या त्याच्या बेटावर गरीब बायका सुईने कीड काढत असत. त्याने ते पाहिले होते. तेव्हा भगिनींनो, आपल्या हाताच्या आणि डोळ्यांच्या ज्ञानाला कमी समजू नका.

कोंबडीच्या पायाच्या किडीने माणसाला खरूज होत नाही. अंड्यातही ही कीड जात नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तरी काम झाल्यावर साबणाने हात धुवावे. तो नियम सगळीकडेच चांगला.

ती पसरते कशी?

खुराड्याच्या फटीत एक तांबडी कीड राहते. ती रात्री बाहेर येते, कोंबडीचे रक्त पिते आणि दिवसा फटीत लपते. पायाची कीड तशी नाही. तिचा मुक्काम रात्रंदिवस कोंबडीच्या पायावर. एका दांडीवर पायाला पाय लावून कोंबड्या बसल्या की ती या पायावरून त्या पायावर जाते. खुडूक कोंबडी पिलांना पोटाखाली घेते, तेव्हा आईची कीड पिलांना लागते. बाजारातून आणलेली नवी कोंबडी ती बरोबर घेऊन येते. दमट, अंधारे, दाटीचे खुराडे तिला फार मानवते.

उपाय काय?

उपाय घरातच आहे. कोमट पाणी, अंगाचा साबण, एक जुना दात घासायचा ब्रश, एक फडके आणि तेल. दुपारी ऊन असताना हे काम करावे, म्हणजे पाय लवकर वाळतो. दोघे जण असावेत. एकाने कोंबडी काखेत धरावी, दुसऱ्याने पाय पाहावा.

पहिले काम भिजवण्याचे. तान्ह्या मुलाच्या अंघोळीला लागते तेवढे कोमट पाणी घ्या. त्यात साबण खळबळा. कोंबडीचे पाय पाच-दहा मिनिटे त्यात बुडवून ठेवा. खपली मऊ होते.

दुसरे काम घासण्याचे. ब्रशने हळूहळू, वरून खाली घासा. जी खपली आपण होऊन सुटेल तेवढीच काढा. नखाने ओढू नका. सुरीने खरवडू नका. ओढली तर रक्त येते, जखम होते आणि दुसऱ्या कोंबड्या लाल दिसले की टोचायला येतात. आज सुटली नाही, तर पुढच्या आठवड्यात सुटेल.

तिसरे काम पुसण्याचे. फडक्याने पाय कोरडा करा. बोटांच्या बेचक्या विसरू नका.

चौथे काम तेलाचे. खोबरेल, करडई, शेंगदाणा, घरात असेल ते तेल चालते. व्हॅसलिन असेल तर अधिक बरे, कारण ते लवकर पुसले जात नाही. गुडघ्यासारखा जो सांधा दिसतो, तिथपासून खाली नखापर्यंत, खवल्यांच्या कडांत आणि बोटांमध्ये चोळून लावा. तेलाने कडा बंद होतात. किडीचा श्वास कोंडतो आणि ती मरते. औषधाच्या दुकानात गंधकाचे मलम मिळते, तेही डॉक्टरांना विचारून लावता येते.

एक सावधगिरी. पोटाच्या पिसांना तेल लागू देऊ नका. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पायाला तर तेल लावूच नका. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतले पिलू हवा घेते. तेलाने छिद्रे बुजली तर पिलू आतच मरते. म्हणून अंड्यांवर बसवण्याआधी पाय बरे करावेत.

एक दिवसाने भागत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. पुष्कळ लोक एकदा तेल लावतात. चार दिवसांनी पाय बरा दिसतो. मग सोडून देतात. दोन महिन्यांनी पुन्हा तीच खपली. मग म्हणतात, "तेलानं काय होत न्हाई हो."

असे का होते? तेल वरच्या किडीला मारते. खपलीच्या खालच्या थरातली कीड वाचते. तिची पोरे दोन-तीन आठवड्यांत मोठी होतात आणि पुन्हा संसार थाटतात. म्हणून त्यांची पाळी संपेपर्यंत आपण मागे लागले पाहिजे. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तेल लावा. पुढे आठवड्यातून दोनदा. आठवड्यातून एकदा पाय भिजवून घासा. असे निदान चार आठवडे करा. खपली फार जाड असेल तर सहा आठवडे.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा उपयोग करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेल लावल्याच्या तारखेला खूण करा. वहीत लिहा: "तांबडी, पहिला दिवस." तोंडी हिशोब विसरतो, लिहिलेला विसरत नाही.

आणि दुसरी गोष्ट. एकच कोंबडी लंगडते म्हणून एकीलाच तेल लावू नका. खुराड्यातल्या सगळ्यांना लावा, कोंबड्यालाही. आज जिचा पाय स्वच्छ दिसतो, तिच्याही पायावर कीड असू शकते. एकीला सोडले तर सगळी मेहनत वाया जाते.

कीड मेल्यावरही पाय लगेच पहिल्यासारखा दिसत नाही. खवले नवे यायला काही महिने लागतात. तोवर धीर धरावा.

काय लावू नये?

जुनी माणसे पायाला रॉकेल लावत. कोणी डिझेल लावतात, कोणी गाडीचे जळके ऑइल लावतात. हे लावू नये. कीड मरेल, पण कातडीही भाजेल. शिवाय चुलीजवळ पेट घेण्याचे भय.

कपाशीवर फवारायचे औषध तर कधीच लावू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे सर्वांना आठवत असेल. जे औषध माणसाला मारते, ते वीतभर कोंबडीचे काय करील? आणि तिचे अंडे खाणार कोण? आपलेच पोर.

रोग फार वाढला असेल, बोटे झडू लागली असतील, किंवा कोंबड्या पुष्कळ असतील, तर गुरांच्या दवाखान्यात जावे. डॉक्टरांजवळ आयव्हरमेक्टिनसारखी औषधे असतात. ती थेंबाच्या मापाने द्यायची असतात. शेळीचे औषध अंदाजाने कोंबडीला पाजू नये. औषध दिल्यावर किती दिवस अंडी आणि मांस खायचे नाही, हे डॉक्टरांना विचारा आणि तेवढे दिवस पाळा.

खुराड्याचे काय?

पाय धुतला आणि दांडी तशीच ठेवली, तर अंघोळ करून मळके धोतर नेसल्यासारखे झाले. ज्या दिवशी पहिल्यांदा तेल लावाल, त्याच दिवशी खुराडे साफ करा. जुना भुसा, गवत, विष्ठा बाहेर काढून जाळा. दांडी गरम पाण्याने आणि साबणाने घासा व कडक उन्हात टाका. सालीची, भेगा पडलेली दांडी असेल तर ती चुलीत घालून नवी गुळगुळीत दांडी लावा. दांडीलाही तेलाचा हात द्या. भिंतींना चुना द्या. चुना पुरता वाळल्यावरच कोंबड्या आत सोडा.

रोग येऊच नये म्हणून

बाजारात कोंबडी घेताना आपण वजन पाहतो, तुरा पाहतो. यापुढे पायही पाहा. खवले उचललेले दिसले तर ती घेऊ नका. नवी कोंबडी आणली की तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा. मगच इतरांत सोडा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्याआधी तिचे पाय पाहा. महिन्यातून एक रात्र ठरवा. कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन एकेकीचे पाय पाहा. रात्री त्या शांत असतात, पळापळ होत नाही. खुराडे कोरडे ठेवा, दाटी करू नका.

काही जातींच्या कोंबड्यांच्या पायांवरही पिसे असतात. ब्रह्मा आणि कोचीन या त्या जाती. हौशी लोक त्या पाळतात. त्यांचे पाय पिसे बाजूला सारून पाहावे लागतात, कारण पिसांखाली खपली दडते.

अशीच गोष्ट घोड्यांचीही आहे. इंग्लंडात शायर आणि स्कॉटलंडात क्लाइड्सडेल नावाचे दांडगे घोडे आहेत. पूर्वी ते नांगर आणि गाडे ओढत. त्यांच्या पायांवर गुडघ्यापासून खुरापर्यंत दाट लांब केस असतात. त्या केसांत खरजेची दुसरी एक कीड राहते. ती बीळ करत नाही, कातडीवरच राहते. घोडा पाय आपटतो, एक पाय दुसऱ्यावर घासतो, स्वतःचा पाय चावतो. थंडीच्या दिवसांत त्रास वाढतो. तिथले लोक काय करतात? पायाचे केस कातरतात, खपली धुऊन काढतात, डॉक्टरांचे औषध लावतात. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना एकदमच लावतात, पुन्हा पुन्हा लावतात आणि खालचे गवत बदलतात. पाहा, देश दुसरा, जनावर दुसरे, कीड दुसरी, पण रीत तीच. झाकलेले उघडून पाहा, सगळ्यांना एकदम उपचार करा, जागा साफ करा आणि मध्येच थांबू नका.

मावशींच्या कोंबड्यांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. सातांपैकी चौघींच्या पायांना कीड होती. मावशी कोंबडी धरत आणि नात तेल लावी. तारखा नातीनेच लिहिल्या. पाच आठवड्यांनी तिघींचे पाय साफ झाले. त्या लंगडीचे एक बोट मात्र गेले. ती आता थोडी तिरकी चालते, पण दांडीवर चढते आणि अंडीही देते. तांबडीला मावशींनी नंतर अंड्यांवर बसवले. तिच्या पिलांचे पाय स्वच्छ आहेत.

मुके जनावर आपले दुखणे सांगू शकत नाही. ते आपल्यालाच त्याच्या पायावर वाचावे लागते. तेव्हा आज घरी गेल्यावर कोंबड्या खुराड्यात शिरल्या की दिवा घ्या आणि एकेकीचे पाय पाहा. खवला उचललेला दिसला तर उद्याच पाणी तापवा.